सही अजून केलेली नाही

एलिकॉट सिटी, मेरीलँड
रविवार

प्रिय सुध्या,

तीन महिने ना पत्र ना फोन. रागावू नकोस. आम्ही बरे आहोत, शुगर आटोक्यात आहे.

टेबलावर एक फॉर्म पडलाय आणि माझी सही होत नाहीये.

आदित्य शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लाइनमन आहे, माहीत आहे ना? लाइनमनच्या हातात चेंडू बहुतेक येतच नाही. एक हात जमिनीला टेकवून ओणवं व्हायचं आणि चेंडू हलला की समोरच्या धिप्पाड पोराला अंगावर घ्यायचं. दर वेळी धडक. मागच्या मंगळवारी सरावात त्याचं डोकं आपटलं. रात्री गणिताची वही घेऊन बसला होता. वीस मिनिटांनी पाहिलं तर पेन्सिलीचं टोक त्याच ओळीवर. "बाबा, वाचतो, पण राहत नाही," म्हणाला.

आता डॉक्टर म्हणतात, खेळू शकतो. पोरगा हट्टाला पेटलाय. बापाची सही हवी.

मला जॉन अर्शेल आठवतो. आमच्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा गार्ड, म्हणजे लाइनमनच. 2014 साली पाचव्या फेरीत निवडला गेला, तीन हंगाम खेळला, आणि त्यातच एमआयटीत गणिताची पीएचडी सुरू केली. ऑगस्ट 2015 मध्ये सरावात त्याच्या डोक्याला मार बसला. मैदानावर तो काही आठवड्यांत परतला, पण अवघड गणित डोळ्यांपुढे उभं करायची ताकद यायला त्याहून जास्त वेळ लागला. जुलै 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला: एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, 110 मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. घरच्यांना आधीच शंका होती अशांचेच मेंदू जास्त आले असणार, म्हणजे सगळ्या खेळाडूंचा हा हिशेब नव्हे, हे मला कळतं. पण 110, सुध्या! दोनच दिवसांनी अर्शेलने खेळ सोडला. वय 26. आज तो एमआयटीत शिकवतो.

तेव्हा मी त्याच्यावर चिडलो होतो. हाता-तोंडाशी आलेली जागा सोडतो म्हणजे काय!

जसा तुझ्यावर चिडलो होतो. सांगलीची कबड्डीची फायनल. तुला गरगरत होतं, तू रेषेबाहेर जाऊन बसलास, आपण दोन गुणांनी हरलो आणि मी सगळ्यांदेखत तुला भित्रा म्हणालो. आठ महिने बोललो नाही. गणप्याने मध्ये पडून मिसळ खाऊ घातली नसती तर आजही बोललो नसतो. (त्याआधीची पकड मात्र तुझीच सुटली होती, ते मी सोडणार नाही.)

माधवी म्हणते, सही करू नकोस. आदित्य जेवत नाही नीट. मैदानावरून परत येताना त्याचा चेहरा कसा फुललेला असतो, ते फक्त तुलाच कळेल.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? मुक्ताला नोकरीबद्दल शाबासकी सांग. घराचं काम लवकर उरकून घे.

त्या दिवशी तुला नेमकं काय होत होतं, ते मी इतक्या वर्षांत विचारलंच नाही. आता सांग. फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. त्याआधी फोन कर, इथे रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझा,
नंदू