बोंतोकच्या अनोळखी मंडळींचे आभार

फिलिपिन्समधल्या बागिओहून बोंतोकला जाणारा हाल्सेमा रस्ता 2,200 मीटरच्याही वर चढतो, मग घाट उतरत चिको नदीच्या काठी येतो. त्या उतारावर दरड कोसळली आणि आमची बस संध्याकाळपर्यंत अडकली. फावडी घेऊन आलेल्या गावकऱ्यांचे पहिले आभार. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

शेजारच्या सीटवरच्या मनांगने (इलोकानो या तिथल्या भाषेत मनांग म्हणजे ताई) केळीच्या पानातला भात पुढे केला. बरोबर एताग होता, म्हणजे मीठ लावून टिकवलेलं डुकराचं मांस. मी शाकाहारी, हे हातवारे करून सांगितलं, तर हसून तिने रताळं काढलं!

बोंतोक माउंटन प्रॉव्हिन्सची राजधानी, पण म्हणावं तर मोठं बाजाराचं गाव. 1966 साली जुन्या प्रांताचे चार तुकडे झाले, नाव मात्र इथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी मालिगकाँगची दगडी बांधांची भातखाचरं पाहताना मी बांधावरून घसरलो. लावणी करणाऱ्या एका आजींनी दंडाला धरून वर ओढलं, इलोकानोत काहीतरी सुनावलं (बहुधा माझ्या चपलांबद्दल) आणि पुन्हा चिखलात उतरल्या. कोकणातल्या माझ्या आजीनेही हेच केलं असतं.

जीपनीच्या (तिथल्या जीपसारख्या प्रवासी गाडीच्या) टपावरून माझी सुटलेली बॅग झेलणाऱ्या मुला, तुझं नाव विचारायचं राहिलं. तुम्हा सगळ्यांना, तुमच्याच शब्दात: अग्यामनाक, आभारी आहे.