कपाटाची किल्ली कोणाकडे असते, साहेब?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

रथसप्तमीपर्यंत गोड बोलायचं असतं, म्हणून सुरुवात गोड करते. पुढे जमेलच असं नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दीड वर्षाचा असताना खिचडीच्या दोन घासांनी ते कळलं. दाण्याच्या कुटाशिवाय महाराष्ट्रात एक उपवास, एक कोशिंबीर करून दाखवा, मग ‘आईचे नखरे’ म्हणा.

गेल्या वर्षी जनता दरबारात अर्ज दिला होता. मागणी एवढीच, की ग्रामीण रुग्णालयात ॲड्रेनालिन, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यात जीव वाचवणारं इंजेक्शन, हाताशी असावं आणि अंगणवाडीतल्या ताईंना लक्षणं ओळखायला शिकवावं. “ताई, आठ दिवसांत पत्र निघेल,” असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. आठ दिवस अजून चालूच आहेत.

१६ जानेवारीला अंगणवाडीत तिळाच्या वड्या वाटल्या. वडीत कूट असतंच. “सणाचं आहे, अर्धीच दिली हो,” ताई रडत सांगत होत्या. दहा मिनिटांत ओठ टम्म, अंगभर गांधी आणि श्वासाला शिट्टी. ताईंना मी बोल लावत नाही. आहार, वजनं, याद्या, वर मोबाईलमधल्या नोंदी त्यांच्याच गळ्यात, आणि मानधनात ना मान ना धन.

रुग्णालयात डॉक्टर होते, हे नशीब. त्यांनी ॲविल दिलं आणि ॲड्रेनालिन मागितलं. ते कपाटात. किल्ली स्टोअरच्या भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब जेवायला. सतरा मिनिटं, साहेब. लेकराच्या ओठांचा रंग बदलत होता आणि शिपाई गाडीला किक मारत होता.

ॲविलने खाज थांबते, घसा उघडत नाही, हे आता मलाही पाठ झालंय. १५ किलोच्या पोराला मांडीत ०.१५ मिली ॲड्रेनालिन पुरतं. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं हे औषध दोन कटिंगच्या पैशात येतं. थोडं इकडेतिकडे असेल, मी बिल घेऊन बसलेले नाही. परदेशात आयांच्या पर्समध्ये याचं तयार पेन, म्हणजे थेट मांडीत टोचायचं भरलेलं इंजेक्शन, असतं म्हणे. इथे अकरा मेडिकल पालथी घातली; एकाने “पेन शेजारी स्टेशनरीत मिळेल” असं सांगितलं.

तुमच्या कायद्याचंही तेच. २०२० च्या लेबलच्या नियमांनी बिस्किटाच्या पुड्यावर ‘शेंगदाणे’ लिहावं लागतं, पण सुटी चिक्की, सुटा लाडू मोकळे. आणि त्या ॲलर्जीच्या यादीत तीळ नाहीतच! तीळगुळाच्या देशात! पण यादी करणाऱ्यांना काय, इथे रुग्णालयाच्या फलकावर उद्घाटकांची नावं मावत नाहीत आणि आत सुईला वाली नाही. कंत्राटी नर्स, कंत्राटी चालक, आता पेशंटही कंत्राटावर घ्या.

पोरगं वाचलं. रात्री झोपेत श्वास मोजायची सवय मात्र मला लागली.

ताईंना मीच शिकवलं, संत्र्यावर सुई टोचून. दोन संत्री वाया गेली, तिसऱ्याला हात बसला. अंगणवाडीच्या भिंतीवर मुलाचा फोटो आणि ‘दाणे नाही’ अशी पाटी मी लावलीय. तुमचं पत्र निघालं तर पाठवा. नाही निघालं तर निदान भाऊसाहेबांना सांगा, जेवायला जाताना किल्ली खिळ्याला अडकवून जा.

आपली,
एक आई