तिकीट काढलं आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा पावसापाण्याचं विचारतात, म्हणून लिहिते. वाघळांच्या अभ्यासासाठी मेघालयाला जायचं पक्कं केलंय. दोन वर्षांसाठी. 12 मार्चचं तिकीट काढलं आहे. तुम्हाला विचारून काढायला हवं होतं. पण विचारलं असतं तर काढलंच नसतं.

कॉलेजातली नोकरी सोडल्याचा राग आहे, ठाऊक आहे. पण बाबा ज्याला 'साहेबाचं वाघूळ' म्हणतात ना, ते रॉटन साहेबाच्या नावाचं वाघूळ 1913 मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं ते आपल्या शेजारच्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं. पुढे कित्येक दशकं जगात त्याची तेवढीच एक जागा माहीत होती. मग ते सापडलं थेट मेघालयात. दोन्हीकडची एकाच घरातली, की कधीची वेगळी झालेली भावकी, हे पंखाच्या पडद्याच्या इवल्या तुकड्यावरून कळतं. तुकडा 3 मिलिमीटरचा, भोक काही आठवड्यांत भरून येतं. इथलं काम झालं. तिथलं दुसऱ्या कुणी केलेलं मला नको आहे, हेही खरं.

परवा एक हातात होतं. चॉकलेटी अंग, मानेवर फिकट पट्टा, कान एवढे मोठे की पार तोंडावर आलेले. हातमोज्यातूनही छातीची धडधड लागत होती. दिवेलागणीला पाकोळी, म्हणजे लहान वाघूळ, घरात शिरली की आजी केस झाकून ओरडायची आणि बाबा, तुम्ही तिला पंचात धरून सुपारीच्या कुळागरात सोडायला न्यायचात. मी हट्ट केला की पंचाची एक घडी उलगडून तिचं तोंड दाखवायचात. तेव्हा दोष कुणाचा, ते बघा.

याचा आवाज तर यंत्राशिवायही ऐकू येतो, बारीक टिकटिक. तुम्हाला बहुधा येणार नाही. वयाचं म्हणत नाही हं, आमच्या सरांनाही येत नाही.

आई, निपाह फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांकडून येतो. माझं किडे खातं. तरी हातमोजे, मास्क, रेबीजची लस, सगळं आहे. खोलीत गरम पाणी आहे. तिथेही भातच जेवतात, मासेही मिळतात. फक्त उकडे तांदूळ मिळायचे नाहीत, तेवढे दोन किलो आणि थोडी कोकमाची सोलं बांधून ठेव.

खरी भीती मला तुमची वाटते. आपल्या सत्तरी तालुक्यात गोचिडांमुळे होणारा माकडताप आला त्याला 2015 पासून किती वर्षं झाली, तरी काजूच्या बागेत जाताना गोचिडी लागू नयेत म्हणून आरोग्य केंद्रातून दिलेलं तेल लावत नाही तुम्ही. बाटली फळीवर तशीच भरलेली दिसली मला. हातापायांना लावायचं, आल्यावर आधी अंघोळ, कपडे गरम पाण्यात. ताप आला तर काढा करत बसायचं नाही, त्याच दिवशी वाळपईचं इस्पितळ गाठायचं. वाघळांनी टाकलेली काजूची बी खुशाल उचला, पण त्यांचा उष्टा बोंडू तोंडात घालू नका. आणि आई, 'आज बरं वाटतंय' म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही.

पावसात तिकडच्या गुहांत पाणी भरतं, काम बंद असतं. म्हणजे गणेश चवथीला मी घरीच. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी मी आल्यावर बांधू. बाबा, शिडीवर चढायचं नाही.

तुमची,
बाय