दाभोळच्या भंडारी चाचांस

चाचा, अस्सलामु अलैकुम.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे रे, चहा सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. आपल्या खाडीपट्ट्यातली चार-पाच पोरं आता लाकडाच्या धुरावर मटण शिजवायला लोखंडी पिंपं कापून घेऊन बसली आहेत आणि मला विचारायला येतात. मला जे काही येतं ते कुणाकडून आलं, हे त्यांनाही कळायला हवं.

अब्बा बोटीवर तेलवाले, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारे, आणि तुम्ही त्याच बोटीचे भंडारी. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, हेही हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या गोदीबाहेर एक दुकान होतं, तिथे रात्रभर लाकडाच्या धुरावर मटण ठेवलेलं असायचं, ही गोष्ट मी लहानपणापासून अब्बांच्या तोंडून ऐकत आलो. त्यांनी तो वास घेतला, पण खाल्लं कधीच नाही. हलाल आहे की नाही याची खात्री नव्हती. तुम्हीही खाल्लं नाहीत, पण तुम्ही त्या भट्टीवाल्याच्या शेजारी उभं राहून विचारत राहिलात. तो ओकच्या लाकडाचा जाळ कसा लावतो, मटण कुठे ठेवतो, कधी गुंडाळतो, सगळं. अब्बांनी वास सांभाळला, तुम्ही रीत सांभाळलीत. अब्बांचे दात आता मोजून पाच. त्यांना एकदा तरी ते मऊ मटण घरचं, हलालचं खायला घालायचं, एवढंच मी मनात धरलं होतं.

पहिल्या दोन वेळा मी काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण पोरांसाठी लिहितो. आपल्याकडे गाय आधीपासून आणि २०१५ पासून बैलही कायद्याने बंद, तेव्हा मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच. कसायाकडून सीन्याचा, म्हणजे छातीचा, साडेचार किलोचा अख्खा तुकडा आणला, कच्ची पपई चोळली, आडव्या पिंपात एका टोकाला जाळ केला आणि झाकण लावलं. जाळाकडची बाजू चपलेच्या तळव्यासारखी झाली, पलीकडची दाताला दाद देईना, आणि पपईने वरचा पापुद्रा नुसता पिठूळ केला. दुसऱ्या खेपेला पपई टाळली. सहा तास सगळं बरं चाललं, मग आतलं तापमान ६८ अंशांवर जे अडकलं ते हलेचना. मी घाबरून कोळसे ओतले. पुन्हा तेच. अब्बांनी एक घास बराच वेळ तोंडात घोळवला आणि हळूच ताटाच्या कडेला ठेवला. ते काही बोलले नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. आधी पिंपाकडे गेलातच नाहीत. कापून उरलेला तुकडा हातात घेऊन म्हणालात, "हे एक मटण नाही, दोन आहेत." एक चपटं आणि सुकं, त्याच्यावर चढलेलं दुसरं जाड आणि चरबीचं, मधे चरबीचा थर, आणि दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशांनी. दोन्ही एकाच वेळी तयार व्हायला हवीत, हीच सगळी अडचण. त्यात म्हशीचं मटण गाईच्या मटणापेक्षा कमी चरबीचं, म्हणजे सुकं आणखी सुकणार. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही वेळा जाळाला दोष देत होतो.

मग तुम्ही जाळाकडे वळलात. दोन थर्मामीटर जाळीच्या दोन टोकांना लावलेत, तर एकीकडे १५० आणि दुसरीकडे १०५. जाळ आणि मटण यांच्यामधे जाड पत्रा उभा केलात, त्याच्यामागे पाण्याचं पातेलं ठेवलंत, धुराडं जाळाच्या विरुद्ध टोकाला हलवायला लावलंत. फरक दहा अंशांवर आला. तो दहा अंशांचा फरकही तुम्ही वाया घालवला नाहीत. नव्या तुकड्याचा जाडा, चरबीचा भाग जाळाकडे, चपटा लांब. चपट्या भागाचं अगदी पातळ टोक सुरीने काढून अम्मीकडे दिलंत, ते कालवणात गेलं. वर चरबी बोटाच्या अर्ध्या जाडीइतकीच ठेवलीत. मीठ आदल्या रात्री, किलोला १५ ग्रॅम, आणि सकाळी भरड मिरी. अम्मी वाटण घेऊन उभी होती, तिला तुम्ही इतक्या अदबीने परत पाठवलंत की ती अजून ते सांगते.

लाकडाबद्दल मात्र तुम्ही कडक. काजूची टरफलं जाळ धरायलासुद्धा नाहीत, त्यांचं तेल धुरातून अंगावर आणि घशात येतं. नारळाची सोडणंही नाहीत, त्यांचा धूर कडवट. करवंटीच्या कोळशावर वर्षभर वाळलेलं पेरूचं लाकूड, मनगटाएवढ्या ढलप्या, एका वेळी एकच. पांढरा लोट दिसला की हवेचं भोक मोठं करायचं. पातळ, निळसर धूर निघू लागला की हात मागे घ्यायचे. "डोळ्याला झोंबतो तो जिभेलाही झोंबतो," म्हणालात.

आणि वारा. हे मला वाटतं टेक्सासमधल्या त्या माणसाने तुम्हाला सांगितलं नसेल, हे तुमचं स्वतःचं. मी दोन्ही वेळा दुपारी जाळ लावला होता. खारा वारा थेट हवेच्या भोकात शिरायचा आणि जाळ भडकायचा. तुम्ही रात्री दहाला सुरुवात करायला लावलीत. तोवर खारा वारा पडला होता, आणि मग जमिनीवरून येणारी मतलई धरली ती हलकी, एका लयीत. पिंपाचं भोक समुद्राकडे फिरवलंत, म्हणजे वारा पाठीवर. पहाटेपर्यंत काटा ११० ते १२० च्या बाहेर गेला नाही.

दीडच्या सुमारास तापमान पुन्हा ६८ वर अडकलं. माझा हात कोळशाकडे गेला आणि तुम्ही तो धरलात. मटणातून पाणी सुटतं, वर येऊन उडतं आणि उडताना मटण थंड करतं. घाम आल्यावर वारा लागावा तसं. जेवढी आग लावाल तेवढं ते जास्त घामेजेल. थांबायचं. आपण ओट्यावर बसलो, तुम्ही मला बोटीवरच्या वादळाची गोष्ट सांगितलीत, आणि दोन तास काटा हलला नाही. साडेतीनला वरची साल काळपट, घट्ट झाली तेव्हा केळीची पानं जाळावर शेकून मऊ केलीत, मटणाच्या वर चरबीचा एक पातळ काप ठेवलात आणि दुहेरी गुंडाळून सुती दोऱ्याने बांधलंत. पाणी आत अडकलं आणि काटा चढू लागला.

सकाळी दहाला ९४. पण तुम्ही काट्यावर विश्वास ठेवला नाहीत, सुई चार ठिकाणी टोचायला लावलीत. जाड भागात ती पिकल्या पपईत जावी तशी गेली, चपट्यात किंचित अडली. आणखी पाऊण तास. धाग्यांमधला चिवटपणा वितळायला नुसती आच पुरते असं नाही, वेळही लागतो, हे मी तेव्हा हाताने समजून घेतलं. मग मच्छीची बर्फाची पेटी, धुऊन कोरडी केलेली, त्यात गोधडीत गुंडाळून दोन तास. मला आत्ताच कापायचं होतं. तुम्ही पेटीवर बसलात, अक्षरशः.

कापायचं कसं, तेही तुम्ही एकच काप करून दाखवलंत आणि सुरी माझ्या हातात दिलीत. धाग्यांना आडवं, पेन्सिलीच्या जाडीचं. जाडा भाग सुरू झाला की तुकडा फिरवून घ्यायचा, कारण तिथे धागे दुसरीकडे वळतात.

अब्बांनी पहिला काप हातानेच दुमडून तोंडात टाकला. डोळे मिटले. मग म्हणाले, "हाच." तुम्ही तेव्हा अंगणात लाकडं रचत होतात, मुद्दाम बाहेर गेला होतात हे मला कळलं होतं. त्यांनी पाच काप खाल्ले, चाचा. पाव नको म्हणाले, कांदाही नको.

तुम्ही ती संपूर्ण रात्र जागलात, आणि त्या रात्रीत मटणाला फक्त एकदा हात लावलात, पानात गुंडाळायला. बाकी सगळं माझ्या हातून करून घेतलंत. याचे आभार मला मानायचे आहेत, कारण गेल्या रविवारी मी एकट्याने केलं आणि जमलं. डबा सोबत पाठवतोय. चपट्या भागाच्या शेवटच्या दोन कापांत अजून थोडा कोरडेपणा राहिला आहे. पान लवकर बांधायला हवं होतं का, की चरबीचा काप मोठा हवा होता? जुम्याच्या नमाजनंतर भेटलात की सांगा.

तुमच्या दोस्ताचा थोरला