दादाच्या पापणीचं

वाई

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून गप्प आहे, हव्या तेवढ्या शिव्या घाल. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच. दादाच्या वरच्या पापणीतली गाठ मात्र कॅन्सरची निघाली.

तू फोनवर वहिनीला म्हणालास, "इथे ब्रिस्बेनला निम्म्या म्हाताऱ्यांनी असलं काहीतरी कापून घेतलेलं असतं, काही होत नाही." ती निर्धास्त झाली. पण बाबा रे, ते तिथलं! गोऱ्या, उन्हाने भाजलेल्या कातडीचा तो कॅन्सर, बेसल सेल नावाचा. गोऱ्यांच्या देशांत पापणीच्या कॅन्सरपैकी ८०-९० टक्के तोच. बहुधा खालच्या पापणीला, सावकाश वाढणारा, दुसरीकडे सहसा न पसरणारा. दादाचा दुसऱ्या जातीचा, सेबेशियस. पापणीच्या कडेशी तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत जास्त, त्यांतून उगवतो. तुमच्याकडे तो शंभरात फार तर पाच. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या ५३६ रुग्णांत मात्र ५३ टक्के हाच! बेसल सेल २४, स्क्वॅमस नावाचा तिसरा प्रकार १८, बाकीचे उरलेल्यांत. मोठ्या ठिकाणी अवघड केसेसच जास्त येतात, असा वाद तू घालणारच, घाल. तरी तुमच्यापेक्षा आपल्याकडे तो कितीतरी जास्त, हे राहतंच.

शिवाय सोंगाड्या. इतके दिवस ती रांजणवाडीच होती. आई लवंग उगाळून लावायची, दादा शेकत बसायचा. एका डॉक्टरांनी चिरून काढली, तिथेच पुन्हा आली, पुन्हा चिरली. तुकडा तपासायला धाडायचं कुणाला सुचलं नाही. त्या जागचे केस झडलेत, हे शेवटी वहिनीच्या भाचीने पाहिलं, तेही दादाला चिडवताना.

गुरुवारी पुण्यात ऑपरेशन. भोवतीची थोडी चांगली कातडीही काढतात, कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसेपर्यंत. फार गेली तर खालच्या पापणीचा भाग वर ओढून शिवायचा आणि डोळा काही आठवडे बंद. हा कॅन्सर कानापुढच्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) उतरू शकतो. त्या तपासल्या, सध्या काही नाही.

दादा म्हणतो, "कॅरमला मी एक डोळा मिटूनच नेम धरतो. बंड्याला सांग, राणी कव्हर झाली होती हे आता तरी कबूल कर." झाली नव्हती. मी तिथेच होतो. पण या आठवड्यात तू कबूल करून टाक.

खरी अडचण वहिनीची. ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं तपासणीला जावं लागेल, हे तिला पटतच नाही. मी काही बोललो की "बंड्याभावजी म्हणाले ना" म्हणून माझं तोंड बंद करते. आपल्या घरात तुझाच शब्द चालतो, हे मला शाळेपासून खुपतं, ते राहू दे. तूच फोन कर. घाबरवू नकोस, पण 'काही होत नाही' हे पुन्हा बोलू नकोस.

नवीन घराचे फोटो पाहिले, झकास. सईच्या ॲडमिशनचं काय झालं? स्मिताला नमस्कार.

मंगळवारी आपल्या सकाळी नऊला कर, तुझ्याकडे दीड वाजलेला असेल. दादा तेव्हा बँकेत असतो.

तुझा,
विन्या