जुन्या फोर-व्हील गाड्यांचा दांडा पावसाळ्याआधी तपासावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील डोंगरवाड्यांवर दुधाचे कॅन, खताची पोती आणि प्रसंगी आजारी माणसे यांची ने-आण आजही जुन्या फोर-व्हील जीप, कॅम्पर आणि पिकअप गाड्यांच्या भरवशावर चालते. मे महिना सरत आला की, एरवी आठ महिने हात न लागलेला फोर-व्हीलचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद जोडणारा दांडा मालक ओढून पाहतात. तो पडत नाही, किंवा पडला तरी चढावर निसटतो, आणि मग ‘ट्रान्स्फर गेली’ असे निदान होऊन गाडी ऐन पेरणीच्या तोंडावर गॅरेजमध्ये अडकून पडते. वाहनदुरुस्तीच्या धंद्यात हयात घालवलेला माणूस म्हणून माझे मत असे आहे की, अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीच्या आत नसून दांडा आणि केस यांना जोडणाऱ्या रॉड, बुश (सांध्यातील नळीसारखे अस्तर) आणि पिनांमध्ये असते. ते न पाहता केस उतरवणे म्हणजे मालकाला नाहक खर्चात टाकणे होय. बटणावर फोर-व्हील लागणाऱ्या नव्या गाड्यांचा विषय वेगळा असल्याने तो येथे घेतलेला नाही.

महिंद्राने १९४७ साली विलीज जीपची जुळणी आपल्याकडे सुरू केली, त्या घराण्यातील जुन्या गाड्यांना दोन दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडली जातात आणि दुसऱ्याने हाय (नेहमीच्या वेगासाठी) किंवा लो (कमी वेग, जास्त जोर) निवडला जातो. पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडू नये म्हणून या दांड्यांनी केसच्या आत सरकणाऱ्या दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये एक अडकण बसवलेली असते. हे ठाऊक नसल्यामुळे निव्वळ क्रम चुकवून ‘लो पडत नाही’ असे म्हणणारेही भेटतात. नंतरच्या पिकअप गाड्यांत एकच दांडा आला. टू-हाय (दोनच चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), न्यूट्रल आणि फोर-लो या जागा तो ओळीने घेतो, आणि त्याची हालचाल रॉडवाटे केसच्या बाहेरील छोट्या आर्मपर्यंत पोहोचते. लो टाकताना गाडी उभी, क्लच दाबलेला आणि मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये हवा. इतके करूनही दातावर दात आला तर गाडी हातभर पुढेमागे ढकलावी, दांड्याशी झोंबू नये.

दोष आत आहे की बाहेर, हे ठरवण्याची रीत सोपी आहे, पण ती सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून आणि चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावूनच करावी. कारण ट्रान्स्फर न्यूट्रलमध्ये आली की पहिला गिअर टाकलेला असला तरी गाडी घरंगळते, आणि खाली झोपलेल्या माणसाला ते कळायला वेळ मिळत नाही. रॉडची पिन काढून रॉड आर्मपासून सोडवावा आणि आर्म पान्ह्याने हलवून पाहावा. प्रत्येक जागेवर आतील गोळी खाचेत बसल्याचा ‘टक्’ असा ठसका हाताला जाणवला, तर बहुधा आतील काम शाबूत आहे आणि खोट बाहेरच शोधावी. खालून बाहेर येऊन गाडी थोडी सरकवून, पुन्हा ठोकळे लावून पाहिल्यावरही आर्म हलत नसेल, किंवा हलतो पण कुठेच ठसका देत नसेल, तरच केस उघडण्याचा विचार करावा.

बाहेरील दोषांत पहिला मान बुशचा. नायलॉनचे बुश झिजून पिनेभोवती सैल अंगठीसारखे होतात, मग दांड्याची निम्मी चाल त्या पोकळीतच जिरते आणि आर्म पूर्ण जागेवर पोहोचत नाही. बुशऐवजी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून काम भागवलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. ती मलमपट्टी एखादा बाजार उरकेपर्यंत ठीक. दुसरा दोष गंजलेल्या सांध्याचा. महाबळेश्वरकडचा तांबडा चिखल दांड्याच्या बिजागरीत शिरून वाळला की ती जागच्या जागी धरते, आणि जोराच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांनी उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेलेले असते. तिसरा दोष फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्यांवर टेकतात त्या रबरी टेकूंचा, आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्या गाड्यांत दांडा बॉडीवर आणि केस गिअरबॉक्सबरोबर रबरी फाउंडेशनवर असते, तेथे रबर बसले की दोहोंमधले अंतर बदलते. उभ्या गाडीत सगळे नीट पडते, पण भार आला की इंजिन कलते आणि दांडा ओढला जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना दांडा आपोआप पुढेमागे होताना दिसला, तर आधी फाउंडेशन बदलावे.

आणखी एक गोष्ट. फ्लोअर सडल्यावर पत्रा मारला जातो, त्यात दांड्याची खाच अरुंद राहते किंवा वर जाड मॅटिंग येते, आणि दांडा शेवटच्या बोटभर अंतरासाठी पत्र्याला अडतो. असा अर्धवट पडलेला लो उतारावर सुटला की सरळ न्यूट्रलमध्ये येतो, आणि मुख्य गिअर टाकलेला असूनही इंजिनाचा रोध क्षणात नाहीसा होतो. पसरणी किंवा कुंभार्लीसारख्या घाटात, मागे भरलेला माल असताना, मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

जोडताना दांडा आणि आर्म दोन्ही एकाच जागी ठेवून, पिन जोर न लावता सहज आत जाईल इतपत रॉडची लांबी जुळवावी, ती लांबी पक्की धरणारा चेकनट घट्ट करावा आणि स्प्लिट पिन नवीनच वापरावी. त्यानंतर सर्व जागा इंजिन बंद ठेवून एकदा व गाडी चालवून एकदा तपासाव्यात.

काही वेळा दांड्याचाही दोष नसतो. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ठेवून वळणे घेतली, किंवा पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असले, की शाफ्टमध्ये पीळ भरतो आणि दांडा जागेवरच आवळला जातो. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतल्यास पीळ सुटतो. लाथ मारून दांडा काढणाऱ्यांचे रॉड वाकतात, आणि वाकलेल्या रॉडची लांबी पुन्हा कधीच जुळत नाही. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर फोर-व्हील टाकून गाडी चालवली तर सांधे धरत नाहीत.

सातारा आणि कराड येथील आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या गाडीवर हा रॉड सोडवण्या-जुळवण्याचा सराव प्राचार्यांनी आवर्जून द्यावा, तसेच स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी हे बुश मे महिन्यातच मागवून ठेवावेत, अशी विनंती आहे. आपणही शेतीविषयक पानावर दांडा, रॉड आणि आर्म यांची एखादी साधी आकृती छापलीत, तर वाडीवरच्या मालकाला गाडी गॅरेजला नेण्याआधी स्वतः खाली वाकून पाहता येईल.

आपला,
एक वाहनदुरुस्तीकार वाचक,
पाटण, जि. सातारा