चारही जागा एकाच पॅनेलला का?

महोदय,

नाशिक महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत १२२ जागांसाठी ३१ प्रभाग होते. २९ चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. प्रभाग एक असला तरी अ, ब, क, ड या जागांची मोजणी वेगवेगळी होते. मते फुटली की ३५ टक्क्यांचे पॅनेल चारही जागा घेऊन जाते आणि उरलेल्या ६५ टक्क्यांच्या हाती भोपळा!

राज्यसभेसाठी आमदार पसंतीक्रमाने मत देतात, तसेच इथेही करता येईल. चार जागा आणि २०,००० वैध मते असतील, तर २०,००० भागिले ५, अधिक १, म्हणजे ४,००१ मतांचा कोटा (जिंकायला एवढी मते लागतात). कोट्यावरची मते पुढच्या पसंतीकडे जातात, तळाचा उमेदवार बाद होऊन त्याचीही मते पुढे सरकतात. राखीव जागांपुरतेच त्या गटातील उमेदवार उरले की त्यांना बाद करायचे नाही, एवढा नियम मात्र घालावा लागेल.

अडचण मतपत्रिकेची आहे. आजच्या यंत्रावर पसंतीक्रम नोंदवता येत नाही, त्यामुळे कागद आणि लांबलेली मोजणी आलीच. विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघात कागदावर पसंतीक्रम देणे नवे नाही. तिथे बरोबरची खूण केली, ‘१’ ऐवजी अक्षरी ‘एक’ लिहिले किंवा दोघांपुढे ‘१’ घातला, की मत बाद. (पदवीधरांचेही!) म्हणून नमुना मतपत्रिका घरोघरी आधीच पोहोचायला हवी. बदल १९४९ च्या महापालिका अधिनियमात करावा लागेल आणि तो विधिमंडळाच्या हातात आहे.

– एक मतदार, नाशिक